सुईणबाईचं पिस्तूल

"आधी पिस्तुलं रिकामी करा, गोळ्यांचं मॅगझीन बाहेर काढा आणि इथं मांडा. मग कोणाला काय भांडायचंय ते भांडा," आयव्ही म्हणाली आणि अक्रोडासारख्या पेकानच्या झाडाखालच्या लांब टेबलावर तिनं जुनी जाड चादर अंथरली.

लूशस ब्रॉडनॅक्सला हुकूम सोडणारी माणसं जगात फारशी उरली नव्हती. बावीस वर्षं लष्कराचं शस्त्रागार सांभाळून तो जॉर्जियात, बापाच्या जमिनीवर परतला, तेव्हापासून शनिवारच्या नेमबाजीत शब्द त्याचाच चाले. आज मात्र एकोणतीस वर्षांची पुतणी समोर उभी होती, अंगात कामाचाच निळा सुती गणवेश, नाडीची पॅंट, आणि लूशस निमूटपणे मॅगझीन काढत होता. त्याला स्वतःचीच गंमत वाटली. छातीत मात्र काहीतरी फुलून आलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी, भर दुपारी, ओढ्यापलीकडच्या तांबड्या मातीच्या रस्त्यावर आयव्हीच्या गाडीचं चाक बसलं होतं. मागून आलेल्या पिकअपमधून दोघं उतरले ते मदतीला नव्हे. सुईणीकडे वेदनाशामक गोळ्या असणारच, असं धरून त्यांनी तिची बॅग हिसकावली आणि तिला चरात ढकलून दिलं. बॅगेत निघालं काय, तर बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, हातमोजे आणि वजनाचा काटा. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आयव्ही उसनी बॅग घेऊन त्याच रस्त्यानं, आदल्या दिवशी जिच्याकडे निघाली होती त्याच गरोदर बाईकडे पुन्हा गेली. इस्पितळातला प्रसूती विभाग बंद झाल्यापासून त्या भागातल्या गरोदर बायकांना तिच्याशिवाय कोणी नव्हतं. लूशसनं ही हकिगत न्हाव्याच्या दुकानात सांगितली, चर्चमध्ये सांगितली, पेट्रोलपंपावर सांगितली. दर वेळी "त्याच रस्त्यानं" या शब्दांवर त्याचा आवाज चढे.

आणि मग तिनंच सगळ्यांना फोन केला होता. शनिवारी या. आपापलं रोजचं पिस्तूल आणा. मला ठरवायचंय.

"ठरवायचंय काय त्यात?" अर्नेस्टीन म्हणाली. ती भावंडांत थोरली, एकाहत्तर वर्षांची, शेरीफच्या खात्यात, तुरुंगाच्या पहाऱ्यावर एकतीस वर्षं काढलेली. एप्रनच्या खिशातून तिनं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि पाच गोळ्या एकेक करून चादरीवर उभ्या केल्या. "हे बघ पोरी. यात मागं ओढायला काही नाही, सुरू-बंद करायचा खटका नाही. चाप ओढला की गोळी सुटते. एवढुसं वजन. खिशात आहे हे तुझं तुलाच आठवणार नाही."

"पण पाचच ना, आत्या," लूशसचा मुलगा ज्यूबल म्हणाला. तो शनिवार-रविवारी लोकांना नेमबाजी शिकवायचा.

"मला एकतीस वर्षांत एकही लागली नाही. तुला किती लागतात?"

आयव्ही खळखळून हसली. ज्यूबलही हसला, पण मागं हटला नाही. त्यानं आपलं पिस्तूल पुढं सरकवलं. तळहातात मावेल एवढं, काळं, चपटं. "अकरा गोळ्या. आत्याच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा जाडीला कमी. आणि वर ही काच. लाल ठिपका जिथं दिसेल तिथं गोळी."

"आणि काचेवर तुझा घाम पडला म्हणजे?" लूशस म्हणाला. त्यानं आपलं पोलादी धूड शेजारी ठेवलं तसं टेबल जरा हललं. "लहान पिस्तूल लपवायला सोपं आणि मारायला अवघड. हाताला असा हिसका देतं की दुसरी गोळी आभाळात. हे बघ, वजन आहे म्हणून धक्का आतल्या आत जिरतो. पंधराच्या पंधरा गोळ्या एका बशीत पडतील."

"पप्पा, तुमचं ते कमरेला लावलं की माणूस घर बांधायला निघाल्यासारखा दिसतो. एका बाजूला विटा बांधून."

"तुझ्या आईनं मला तसाच पसंत केला."

"तिनं जॅकेट घातलेलं पाहिलं असेल तुला," अर्नेस्टीन म्हणाली, आणि आत्या-भाच्याची युती झालेली पाहून लूशसनं हात वर केले.

या सगळ्यात एक माणूस नव्हता. चाळीस पावलांवर शेडच्या दारात आयव्हीचा बाप, थॅडियस, टेबलाकडे पाठ करून खोगिराचा पट्टा कापत बसला होता.

थॅडियसला सगळं ऐकू येत होतं. आवारात वारा नव्हता आणि लूशसला हळू बोलता येत नसे.

एके काळी या तालुक्यातला प्रत्येक शेरीफ, प्रत्येक गुरं राखणारा त्याच्याकडून होल्स्टर करून घ्यायचा. पिस्तूल कमरेला धरून ठेवणारी चामड्याची खोळ, एवढंच ते. पण थॅडच्या हातची खोळ म्हणजे पिस्तूल वितळवून तिच्यात ओतल्यासारखी बसायची. अकरा वर्षांपूर्वी धाकटा भाऊ एझ्रा गाडीत बसता बसता पिस्तूल कमरेला परत खोचत होता. खोळीचं तोंड मऊ पडलं होतं. चामड्याची कड आत दुमडली, चापात शिरली. गोळी मांडीच्या शिरेतून गेली. एझ्रा अडतीस वर्षांचा होता. तेव्हापासून थॅडियस खोगिरं करी, घोड्यांचे लगाम करी, कुत्र्यांचे पट्टे करी. पिस्तुलाला त्यानं हात लावला नव्हता, आणि शेडपासून टेबलापर्यंतची चाळीस पावलं तो कुठल्याच शनिवारी चालला नव्हता.

आयव्हीनं त्याला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. स्वयंपाकघरात, मक्याची पोळी कापता कापता.

"बाबा, मी पिस्तूल बाळगणार आहे. तुमची परवानगी मागत नाहीये. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगतेय."

"मी हो म्हणणार नाही."

"माहीत आहे."

"आणि दुसरं काम बघ असंही म्हणणार नाही," तो म्हणाला होता. मग उठून बाहेर गेला होता, कारण मुलीसमोर डोळे पुसायची त्याला सवय नव्हती.

मातीच्या बंधाऱ्यासमोर, सात पावलांवर, कागदाच्या थाळ्या टांगलेल्या होत्या. लूशसला वाटलं, आता पोरगी रांगेनं तिन्ही पिस्तुलं झाडून बघेल. पण आयव्ही स्वयंपाकघरात गेली आणि मक्याच्या पिठाची पिशवी टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. ती तिनं डाव्या हातावर घेतली, मूल घेतात तशी, पिठाचं डोकं कोपराच्या बेचक्यात.

"हे काय?" ज्यूबलनं विचारलं.

"हे बाळ. साडेसात पौंड. माझा एक हात कायम असा गुंतलेला असतो, नाहीतर बॅगेत. तुम्ही सगळे दोन हातांनी, पाय फाकवून, चष्मा लावून मारता. माझ्यावर जी वेळ येईल ती अशी येईल. आणि ही पॅंट बघा. हिला पट्टा नाही, नाडी आहे. यातनं काय निघतंय ते आधी बघू. रिकामंच."

अर्नेस्टीननं फक्त भुवया उंचावून लूशसकडे पाहिलं.

पहिलं लूशसचं. ते कमरेला खोचून आयव्ही दोन पावलं चालली आणि नाडीची पॅंट खाली निघाली. तिनं ती वेळेवर पकडली. अर्नेस्टीन हसून हसून खुर्चीत बसली.

"पंधराच्या पंधरा बशीत," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि इज्जत रस्त्यात."

आत्याचं रिव्हॉल्व्हर खिशातून सुळ्ळकन आलं. मग आयव्हीनं बाळ खाली ठेवलं, पाच गोळ्या भरल्या आणि डावा हात छातीशी धरून एकाच हातानं चाप ओढला. पहिली गोळी थाळीच्या मधोमध लागली. चाप इतका जड होता की तिसऱ्या गोळीला नळी हलली, पाचवी थाळीच्या बाहेर गेली. बोटाला लाल वण उठला. पुन्हा भरायला दोन हात लागले आणि तेवढ्या वेळात ज्यूबलनं मोठ्यानं एकवीसपर्यंत आकडे मोजले. अर्नेस्टीननं भाचीच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि एप्रननं उगाचच पुसलं.

मग ज्यूबलचं. आयव्हीच्या हातात ते पहिल्याच क्षणी बसलं. एका हातानं चार गोळ्या, चारही थाळीत, जरा विस्कटलेल्या पण थाळीत. लाल ठिपका तिला पहिल्या दोन वेळा सापडलाच नाही, तेव्हा ती त्या काचेच्या खालून नळीच्या टोकावरच्या माशीवर, त्या साध्या उंचवट्यावर, नेम धरू लागली.

"सराव झाला की ठिपका दिसतो," ज्यूबल जरा ओशाळून म्हणाला.

"मग सराव झाला की लावू. आत्ता काढून टाक," आयव्ही म्हणाली. "हे कमरेला कसं राहतं ते दाखव."

ज्यूबलनं लवचीक कापडाचा रुंद पट्टा काढला, पोटाला गुंडाळायचा, त्याला शिवलेलं कापडी होल्स्टर. आयव्हीनं तो गुंडाळला तर गणवेशाखाली दिसतही नव्हता. पिस्तूल पुन्हा रिकामं केलं, लूशसनं स्वतः आत बोट घालून तपासलं. आयव्हीनं पिठाचं बाळ उचललं, पिस्तूल बाहेर ओढलं, छान निघालं. आता ते परत आत घालायला ती न बघता चाचपडू लागली, कारण बाळ मध्ये येत होतं.

"थांब!"

थॅडियसला चाळीस पावलं कशी संपली ते कळलं नव्हतं. त्यानं मुलीचं मनगट पकडलं होतं आणि त्याच्या अंगठ्याखाली तिची नाडी उडत होती.

"रिकामं आहे, बाबा."

"खाली बघ."

तिनं पाहिलं. पिस्तूल बाहेर आल्याबरोबर कापडाचं तोंड मिटून गेलं होतं, आणि त्याची एक घडी पिस्तुलाच्या पोटाशी, चापाच्या कडीत शिरली होती. आणखी अर्धा इंच दाबलं असतं तर कापडानंच चाप ओढला असता.

ज्यूबलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मी वर्षभर हेच वापरतोय."

"मग तू वर्षभर नशिबावर फिरतोयस," थॅडियस म्हणाला. त्यानं मनगट सोडलं. तो वळून पुन्हा शेडकडे निघाला.

"थॅड, असा जाऊ नकोस," लूशस म्हणाला.

"बोलायचं ते बोललोय."

"मी नाही बोललो अजून. अकरा वर्षं झाली."

थॅडियस थांबला, पण वळला नाही. "नको, लूशस. पोरांसमोर नको."

"पोरांसमोरच." लूशसनं टोपी काढली. त्याचा आवाज, जो कधी हळू होत नसे, तो आता इतका हळू झाला की अर्नेस्टीननं खुर्ची पुढं ओढली. "ताई, एझ्राच्या कमरेला त्या दिवशी जे होल्स्टर होतं, ते थॅडनं एझ्रासाठी केलेलं नव्हतंच. ते माझं होतं. सोळा वर्षं वापरलेलं. थॅडनं मला दोनदा सांगितलं होतं, तोंड मऊ पडलंय, टाकून दे, नवीन करून देतो. मी टाकलं नाही. एझ्रानं मागितलं तर देऊन टाकलं. म्हटलं, अजून दहा वर्षं चालेल."

झाडावरून एक पेकान चादरीवर पडलं. कोणी तिकडं पाहिलं नाही.

"थॅड," अर्नेस्टीन म्हणाली, "तुला हे माहीत होतं?"

"माझ्या हातचं काम मी ओळखणार नाही होय?"

"आणि मी दफनाच्या दिवशी सगळ्या घरासमोर तुला म्हणाले की तुझ्या चामड्यानं माझा भाऊ खाल्ला. तू ऐकून घेतलंस."

"लूशस तेव्हा खात नव्हता, झोपत नव्हता," थॅडियस म्हणाला. "एक भाऊ गेला होता. दुसरा घालवायचा नव्हता. माझ्या अंगावर निभावलं असतं. निभावलं."

अर्नेस्टीन उठली. तिला उठायला वेळ लागला, कोणी हात दिलेला तिला खपत नसे. ती धाकट्या भावासमोर जाऊन उभी राहिली. "मी चुकले, थॅड. आणि तू एवढं ओझं एकट्यानं वाहिलंस ते बरोबर केलंस का, ते मला अजून कळत नाहीये. पण आपल्या बापाला तुझा अभिमान वाटला असता. मला वाटतोय." मग ती लूशसकडे वळली. "आणि तू. तुझ्याशी मी उद्या चर्चनंतर बोलेन. आज माझ्या तोंडून चांगलं काही निघणार नाही."

"उद्या येतो, ताई," लूशस म्हणाला.

थॅडियसनं मान वळवून थोरल्या भावाकडे पाहिलं. दोघं मिठी मारणाऱ्यांतले नव्हते. लूशसनं फक्त बाक सरकवून जागा केली आणि थॅडियस येऊन बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आयव्हीनं पिठाची पिशवी टेबलावर ठेवली. आपण इथं रडलो तर सगळे आपल्याला जपायला लागतील आणि ठरवायचं राहून जाईल, हे तिला कळत होतं.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. "पिस्तूल ज्यूबलच्या मापाचं घेणार, काचेशिवाय. काका, तुमचं सगळ्यात चांगलं मारतं, पण मी ते घरी ठेवून जाईन, आणि घरी ठेवलेलं कोणाच्या कामाचं? आत्या, तुझं रिव्हॉल्व्हर माझ्या बोटाला झेपत नाही. राग धरू नकोस."

"मी कशाला राग धरू?" अर्नेस्टीन म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "धरला होता. दहा मिनिटं."

"दर शनिवारी तुझ्याबरोबर सराव करीन, आत्या. एका हातानं. आणि एक सांगते, यावर वाद नको. ज्या घरात बाळंतीण आहे, पोरं रांगताहेत, त्या घरात पिस्तूल येणार नाही. गाडीत सीटखाली लोखंडी पेटी बसवून घेतलीय मी, कुलपाची. उंबऱ्याआधी ते पेटीत. ते रस्त्यासाठी आहे."

"पेटीतून काढायला वेळ लागेल," लूशस म्हणाला.

"लागू दे. मला तिथं हातात बाळ घ्यायचंय."

थॅडियस इतका वेळ ज्यूबलचं रिकामं पिस्तूल बघत होता. लांबूनच, हात न लावता. मग त्यानं आपल्या कामाच्या एप्रनमधून पेन्सिल काढली, कापडी पट्टा बोटाच्या टोकानं बाजूला सारला आणि पिस्तूल उचललं. चादरीखालच्या वर्तमानपत्राचा तुकडा ओढून त्यावर ठेवलं. कडेनं सावकाश रेघ मारू लागला.

"तोंडाला चामड्याच्या आत पोलादाची पट्टी घालीन," तो खाली बघतच म्हणाला. "पिस्तूल बाहेर असलं तरी मिटणार नाही. चाप पूर्ण झाकलेला. आणि गणवेशाखाली एक कडक पट्टा लागेल, नाडीच्या भरवशावर काही नको. बस. उभी नको राहूस, तू दिवसभर गाडीत बसतेस. बसल्यावर कुठं टोचतं ते बघू दे."

ती बसली. बापानं मोजपट्टी तिच्या कमरेभोवती घेतली. लहानपणी तिला पहिलं खोगीर करून देताना घेतली होती तशीच असेल, पण आयव्हीला ते आठवत नव्हतं. तिला फक्त त्याचे हात दिसत होते. ते पुन्हा होल्स्टरच्या कामाला लागले होते.

"महिना लागेल," तो म्हणाला. "हातात आल्यावर आठ दिवसांनी तोंड तपासायला आणायचं. मग दर सहा महिन्यांनी. मी मेलो तरी."

"बाबा!"

"दुसऱ्या कोणाला तरी शिकवून ठेवीन मग." त्यानं ज्यूबलकडे पाहिलं. "तू तो कापडाचा पट्टा त्या पिंपात टाक. तुझंही माप घेतो."

तेवढ्यात आयव्हीचा फोन वाजला. ती दोन वाक्यं ऐकून उभी राहिली. "लोरेन टूल. पाणी गेलंय. दुसरं बाळंतपण आहे, वेळ लावायची नाही ती."

टूल लोकांचं घर ओढ्यापलीकडे होतं. कोणी ते बोलून दाखवलं नाही. आयव्हीनं बॅग घेतली. टेबलावरच्या पिस्तुलांकडे पाहिलंसुद्धा नाही. जे अजून नीट वापरता येत नाही ते घेऊन ती निघणार नव्हती. अर्नेस्टीननं एप्रन काढलं, रिव्हॉल्व्हर भरून पिशवीत ठेवलं आणि गाडीचं पुढचं दार उघडून बसली.

"आत्या, मला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही."

"तुरुंगाच्या फाटकावर मी बारा बारा तास बसलेय. चालव."

अर्नेस्टीनला वाट बघायचा कंटाळा नव्हता. टूल लोकांच्या अंगणात गाडीच्या काचा खाली करून ती बसली होती, मांडीवर पिशवी, नजर रस्त्यावर. एक पिकअप आली, वेग कमी झाला. तिनं सरळ चालकाच्या डोळ्यांत पाहिलं. तो शेजारच्या शेतावरचा मॅकनेर निघाला. त्यानं टोपीला हात लावला. "सुईणबाई आत का?" "आत आहे." "मग बरंय," म्हणून तो गेला.

जाळीच्या दारातून आयव्हीचा आवाज येत होता. घरी बोलते तो नव्हे. सावकाश, ठाम, एकही शब्द जास्त नाही. आता नाही, लोरेन. आता श्वास. आता दे जोर. अर्नेस्टीननं एकतीस वर्षांत पुष्कळ अधिकारी हुकूम देताना ऐकले होते, त्यांतले निम्मे तर स्वतःच घाबरलेले असायचे. या आवाजात भीती नव्हती.

चार वाजायच्या सुमारास बाळ रडलं. अर्नेस्टीननं डोळे मिटून घेतले. पण लगेचच जाळीचं दार उघडलं आणि आयव्हीचं डोकं बाहेर आलं.

"आत्या, हात हवाय. रक्त जरा जास्त जातंय, तिची सासू घाबरलीय, मला दोन्ही हात मोकळे पाहिजेत. बाळ धर. लवकर."

अर्नेस्टीन ताडकन उतरली. चार पावलं गेली आणि थांबली. पिशवी खांद्याला होती. शेरीफच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून हे रिव्हॉल्व्हर तिच्यापासून कधी दूर झालं नव्हतं. पाद्रीबाबांनी विनंती केली होती तेव्हाही नाही. ती मागं वळली, सीटखालची पेटी ओढली, रिव्हॉल्व्हर आत ठेवलं, कुलूप लावलं. मग आत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

आयव्हीनं टॉवेलातलं बाळ तिच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली. खोलीत रक्ताचा वास होता. म्हातारी सासू भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होती. आयव्हीचा एक हात लोरेनच्या पोटावर दाबत होता, दुसरा इंजेक्शनची सुई तयार करत होता, आणि ती लोरेनला तिच्या थोरल्या मुलीचं नाव विचारत होती, तिला कुठलं गाणं आवडतं ते विचारत होती. लोरेन उत्तरं देत होती. हळूहळू म्हातारीचं पुटपुटणं थांबलं. रक्त थांबत आलं. आयव्हीनं घड्याळ पाहिलं, पुन्हा दाबलं, पुन्हा पाहिलं आणि मग पहिल्यांदा खांदे सैल सोडले.

"तुमची कोण ही?" म्हातारीनं अर्नेस्टीनला विचारलं.

"माझ्या धाकट्या भावाची मुलगी. थॅडियस ब्रॉडनॅक्सची."

"तो खोगीरवाला?"

"होल्स्टरवालासुद्धा," अर्नेस्टीन म्हणाली.

"आत्या," आयव्ही मागं न बघता म्हणाली, "मान नीट धर तिची."

अर्नेस्टीननं हात सावरला. मुलगी होती, काळ्याभोर केसांची, मूठ घट्ट आवळलेली. तुरुंगाच्या फाटकावर असताना शेरीफ समोर आला की अर्नेस्टीनची पाठ जशी आपोआप ताठ व्हायची, तशी आता झाली.

"धरलीय, सुईणबाई," ती म्हणाली.